आधी सावली, मग पोफळ

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं आणि दुपारच्या काही तासांत दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यात आमच्या माड-पोफळींच्या बागेवरचं, म्हणजे वाडीवरचं, सावलीचं छप्परच गेलं. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मधूनच मोडल्या. माडांपैकी काही शेंड्यातून तुटले, काही एका अंगावर कलले. विहिरीशेजारचा बरका फणस मुळांसकट गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पडला. वादळाबद्दल तेव्हा पुष्कळ लिहून आलं. मला सांगायचंय ते त्यानंतरचं: रिकाम्या झालेल्या जागेत काय लावायचं, कधी लावायचं आणि कोणाच्या शेजारी लावायचं, हे आम्ही कसं ठरवलं. आजही कोणी मुंबई-पुण्याहून येऊन घरामागचं परडं उभं करायला घेतं, तेव्हा पहिला प्रश्न असतो, "कुठली जात चांगली?" माझ्या अनुभवाने जातीचा प्रश्न बराच नंतर येतो. आधी जागेचं ऊन, वारा आणि पाणी बघावं लागतं, आणि वाडीत झाड कधी एकट्याने निवडता येत नाही.

पहिलं काम लावण्याचं नव्हतंच. कोण जगणार आणि कोण नाही, हे कळायला हवं होतं. माडाला आणि पोफळीला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. आंबा मोडला तर खालून फुटतो, माडाचा शेंडा गेला की माड गेला. लॉकडाऊनचे दिवस, वीज नाही, कटर चालवणारा माणूस मिळेना. शेवटी नेहमी माड चढणारा गडी आला. तो एकेका माडावर जाऊन मधली सुई, म्हणजे न उमललेलं पान, हलवून बघायचा आणि वरूनच सांगायचा, "वहिनी, सुई घट्ट आहे, हा ठेवा." सुई ओढल्यावर हातात आली आणि बुडाला कुजल्याचा वास आला, तर तो माड तोडायचा. कललेले पण सुई शाबूत असलेले माड आम्ही सगळे ठेवले. त्यांतला जवळजवळ प्रत्येक जगला. खोड वाकडं राहिलं, पण शेंडा पुन्हा आभाळाकडे वळला आणि पुढच्या दोनेक वर्षांत नारळ धरू लागले. घाईने तोडले असते तर हे माड हातचे गेले असते.

चिकू अर्धवट उपटला होता. त्याच्या फांद्या निम्म्याने छाटल्या, दोर लावून उभा केला, बुंध्याशी मातीची भर घातली आणि कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डोपेस्ट लावली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे पेस्टचं प्रमाण. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे, आणि लोखंडाचं भांडं वापरायचं नाही. त्याच वर्षीच्या पावसात चिकूला पालवी आली.

मेलेली खोडं मात्र वाडीत पडू दिली नाहीत. कुजणाऱ्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि मोठा झाला की उभ्या माडाच्या शेंड्यात शिरून कोवळी सुई कुरतडतो. ते पान उमललं की त्रिकोणी कातरल्यासारखं दिसतं. जखमी खोडाच्या वासावर सोंड्या भुंगाही येतो, आणि तो आत शिरला की बाहेरून फार उशिरा कळतं. म्हणून पोफळीची खोडं चिरून मांडवाला आणि कुंपणाला वापरली, माडाचे ओंडके शक्य तितके लवकर बाहेर काढले, बुंधे खणून जाळले. त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष नव्या रोपांकडे होतं. मला विचाराल तर उरलेले माड वाचवण्यातलं निम्मं यश या साफसफाईत होतं.

मग उन्हाचं खरं रूप कळलं. आमची वाडी जुनी, दाट. माडांखाली पोफळी, पोफळींखाली जायफळ आणि दालचिनी, खाली अळू, हळद. दुपारी बारालाही जमिनीवर ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडायचं. वादळानंतरच्या ऑक्टोबरमध्ये तिथेच उघडं, कडक ऊन आलं. जायफळाची पानं कडेने करपली. वाचलेल्या पोफळींची खोडं नैर्ऋत्येच्या बाजूने आधी पिवळी, मग तपकिरी पडून तडकायला लागली. पोफळीचं खोड जन्मभर सावलीत असतं, त्याला दुपारनंतरचं तिरपं ऊन सोसत नाही. तडकलेली पोफळ पुढच्या वाऱ्यात तिथेच मोडते. आम्ही त्या बाजूने खोडांना सुक्या झावळ्या बांधल्या, जायफळांवर झावळ्यांचेच मांडव घातले.

हे बघून थोरल्या काकांनी एक गोष्ट ठामपणे सांगितली. त्यांनी आयुष्यभर वाडी शिंपली आहे. ते म्हणाले, "सूनबाई, पोफळ आत्ता लावू नकोस. आधी सावली लाव. पोफळ दोन पावसाळे थांबेल." गावात तेव्हा जो तो पोफळीची रोपं शोधत होता, कारण आमच्याकडे घरखर्चाला रोकड येते ती सुपारीतून. थांबणं सोपं नव्हतं. पण काकांचं म्हणणं पटलं, कारण उघड्यावर करपणारी पोफळ डोळ्यांसमोर होती.

सावलीसाठी केळ. गावठी वेलची केळीचे मुनवे, म्हणजे बुडातून फुटणारी पिलं, शेजारून मिळाले. अरुंद पानांचे, बुडाशी जाड असे निवडले, रुंद पानांचे टाळले, कारण ते दिसायला भरदार असले तरी मुळाने कमजोर असतात. पुढे जिथे पोफळ यायची होती, त्या जागेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला केळी लावल्या. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि त्या वाऱ्यात केळी झोपल्या. पण केळीचा गड्डा जमिनीत असतो. पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मुनवे वर आले आणि दिवाळीपर्यंत सावली पुन्हा तयार झाली. ती सावली बघून मला फार धीर आला. शिवाय केळीचे घड, पानं, सोपटं सगळं वाडीतच कामाला आलं.

केळीची सावली दोन-चार वर्षांची. कायमच्या सावलीसाठी माड, आणि माडाच्याही आधी वाऱ्याला आडोसा. आमच्या वाडीच्या पश्चिमेला पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि मग समुद्र. पावसाळ्यातला खारा वारा कोवळ्या पानांची टोकं जाळतो. वादळात पुळणीवरची सुरूची झाडं पुष्कळ पडली, गडग्यावरची जुनी उंडी मात्र पानं गमावूनही उभी राहिली. उंडी ही इथल्याच किनाऱ्याची, खारी हवा आणि वाळू दोन्ही सोसणारी. वाढते हळू, पण पान जाड आणि घेर भरगच्च. तिच्याखाली पडलेल्या बिया गोळा केल्या. बीचं कवच फार टणक, तसंच पेरलं तर उगवायला महिनोन् महिने लागतात. हलकेच फोडून आतला गर अख्खा काढून पेरला की लवकर उगवतो. पश्चिमेच्या गडग्याला आता उंडी, करंज आणि भेंड यांची रांग आहे, खालची फट भरायला केवडा आहे. त्यांची उंची अजून छपराइतकी नाही, तरी त्यांच्या आतल्या अंगाची माडाची रोपं उघड्यावरच्या रोपांपेक्षा स्पष्ट हिरवी दिसतात.

माड निवडताना घरात बराच खल झाला. रत्नागिरीजवळ भाट्याला 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे, तिथल्या जातींची माहिती दापोलीच्या कृषी विद्यापीठातही मिळते. बाणवली हा आपला उंच, जुना माड: सहा-सात वर्षांनी धरतो, पण ऐंशी-शंभर वर्षं जगतो. प्रताप ही बाणवलीतूनच निवडलेली, जास्त नारळ देणारी जात. टी बाय डी, डी बाय टी हे उंच आणि ठेंगू माडांचे संकर लवकर धरतात, पण त्यांना खत आणि पाणी सढळ लागतं, हात आखडला की लगेच दिसतं. सिंगापुरी ठेंगू माड तीन-चार वर्षांत शहाळी देतो. आम्ही बहुतेक बाणवली आणि प्रताप घेतले, आणि घराजवळ, चढायला माणूस न मिळाला तरी काठीने उतरवता येतील असे दोन-तीन ठेंगू. माड चढणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. आज लावलेला उंच माड आणखी वीस वर्षांनी कोण चढणार, हा विचार रोप घेतानाच करायला हवा. आमच्या घरातल्या पुतण्याने शिडीच्या यंत्रावर चढायला शिकून घेतलं, तेव्हा कुठे उंच माडांबद्दल मन निश्चिंत झालं.

रोप घेताना उंचीला भुलू नये. दाटीत वाढलेलं रोप उंच आणि बारीक होतं. नऊ ते बारा महिन्यांचं, पाच-सहा पानांचं, बुंध्याशी जाड आणि बुटकं रोप चांगलं. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. तळाशी सोडणं, म्हणजे नारळाची सालं, वर तांबडी माती आणि शेणखत. सोडण उताणं ठेवायचं, म्हणजे वाटीत पाणी धरून राहतं, वाळूच्या जमिनीत याचा फार उपयोग. दोन माडांत साडेसात मीटर अंतर. जुन्या वाडीत माड याच्या निम्म्या अंतरावर होते. उजेडासाठी एकमेकांच्या वर जाता जाता ते बारीक आणि फार उंच झाले होते, आणि वादळात सर्वांत जास्त तेच मोडले. म्हणून मेलेल्या प्रत्येक माडाच्या जागी नवा माड लावायचा, हे आम्ही केलं नाही. दोरी लावून जागा नव्याने आखल्या. सासूबाईंना आधी ते रुचलं नाही, वाडी भकास दिसेल म्हणाल्या. आता त्याच मोकळ्या अंतरात त्यांची हळद चांगली पोसते.

सुपारीचं बी आम्ही घरचंच धरलं, आणि या कामात मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. वादळात उभ्या राहिलेल्या पोफळी म्हणजे वाऱ्याने केलेली निवडच होती. त्यांतल्या अशा शोधल्या, ज्यांच्या खोडावरच्या गळून गेलेल्या पानांच्या खुणा जवळजवळ आहेत, म्हणजे झाड उगाच ताडमाड वाढलेलं नाही, आणि ज्या दरवर्षी सारख्या धरतात. 2021 च्या उन्हाळ्यात त्यांची पूर्ण पिकलेली फळं उतरवली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. जी देठाची बाजू वर करून उभी तरंगतात, त्यांची रोपं जोमदार होतात. जी आडवी पडतात, ती बाजूला काढली. वाळूच्या वाफ्यात देठ वर ठेवून, जेमतेम झाकतील इतकीच पुरली, वर गवत, रोज पाणी. दीडेक महिन्याने कोंब दिसू लागले. फार मागे राहिलेली रोपं निर्दयपणे काढावी लागतात, तिथे माया करून चालत नाही. वर्षभराने पाच पानांची, ठुसठुशीत रोपं केळीच्या सावलीत गेली. तेव्हा 2022 चा पावसाळा लागला होता. रोपांत नऊ फुटांचं अंतर, आणि दोन रांगांमध्ये चर, कारण आमच्याकडे जुलैत विहीर काठोकाठ भरते आणि पोफळीच्या मुळाशी पाणी साचलेलं तिला सोसत नाही. बाजूने काही रोपं श्रीवर्धनी जातीची आणून लावली. दोन्ही शेजारी शेजारी वाढताना बघणं मला आवडतं.

वाचलेल्या जुन्या पोफळींना कोळे रोगासाठी, म्हणजे फळं गळवणाऱ्या बुरशीसाठी, पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी आणि मग चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून दुसरी. दुसरी चुकली तर श्रावणात हिरवी सुपारी गळून खाली सडा पडतो.

जायफळ आणि कोकम या दोन झाडांबद्दल परसबाग करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगावंसं वाटतं, की बियांचं रोप घेऊ नका, कलम घ्या. दोन्हींत नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळतं सहा-सात वर्षं पाणी घातल्यावर, पहिलं फूल आलं की. घराला एकच रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, लावायचा असेल तर एवढी वाट बघून नर निघाल्यावर काय वाटत असेल, याचा विचार करा. आम्ही कोकण अमृता जातीची कलमं लावली. तिची बहुतेक फळं पावसाआधी तयार होतात, आणि आमसुलं वाळवायला ऊन मिळतं. जूनमध्ये पिकणारा रातांबा घरात कितीही आला तरी निम्मा वाया जातो. कोकण हातीसचं फळ मोठं आणि साल जाड, तेही एक आहे. कलम घेताना सरळ वर वाढणाऱ्या फांदीची काडी वापरली आहे का, हे विचारून घ्यावं. आडव्या फांदीच्या काडीचं कलम झुडपासारखं पसरत राहतं. नर झाड आम्ही मुद्दाम लावलं नाही, कारण मागच्या डोंगरात रानातले रातांबे भरपूर आहेत. जिथे आसपास नसतील, तिथे एखादं नर झाड ठेवायलाच हवं.

जायफळाला चार माडांच्या मधली जागा. कोकण सुगंधा या जातीत एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात, म्हणून एक-दोनच झाडं लावणाऱ्या घराला ती सोयीची. कोकण स्वाद मादी झाडाची जात, तिच्या शेजारी परागासाठी सोय लागते. जायफळ माडांची सावली तयार झाल्यावरच लावलं. वादळातून वाचलेल्या जुन्या माडांच्या चौकात दोन कलमं आधी गेली, नव्या माडांमध्ये अजून लावलेली नाहीत.

पाण्याचा हिशेब उन्हाळ्यात कळतो. मे महिन्यात आमची विहीर थोडी मचूळ होते. माडाला त्याचं काही वाटत नाही, पोफळ आणि जायफळ मात्र लगेच मरगळतात. म्हणून ही दोन झाडं समुद्रापासून लांब, डोंगराकडच्या अंगाला, जिथे पागोळीचं आणि ओढ्याचं गोडं पाणी जिरतं तिथे. माड पुळणीकडे. घरच्या न्हाणीचं पाणी अळू आणि केळीला. झाडांच्या बुंध्याभोवतीच्या सगळ्या आळ्यांत पालापाचोळा आणि सोडणं, उघडी वाळू दिसू द्यायची नाही. विहिरीशेजारी पुन्हा फणस लावला नाही. तिथे पाणी वर असल्याने मुळं खोल गेलीच नव्हती. कापा फणसाचं कलम वर, पाणी न साचणाऱ्या कोपऱ्यात आहे. हापूसही खाली आणला नाही. तो चढावरच्या जांभ्या जमिनीतच बरा, आणि तिथे एक रत्ना आंब्याचं झाड त्याच्या जोडीला आहे, कारण रत्नात साका, म्हणजे गरातला पांढरा खराब भाग, होत नाही आणि तो बऱ्यापैकी दरवर्षी धरतो.

जनावरांचा विचार केल्याशिवाय आता किनाऱ्यावर काहीच लावता येत नाही. वानर कोवळे नारळ, पपया, केळीचे घड ठेवत नाहीत. साळिंदर माडाच्या कोवळ्या रोपाचा बुंधा एका रात्रीत पोखरतो. रोपांभोवती जुन्या पत्र्याचं कडं केलं, तेव्हा ते थांबलं. मिरी, दालचिनी, जायफळ, कोकम यांच्या वाटेला मात्र आमच्याकडे वानर फारसं जात नाहीत, हेही या झाडांच्या बाजूने एक मोठं कारण आहे.

किनाऱ्यावर अलीकडे पर्यटकांसाठी घरं झाली, त्यांच्या अंगणात हिरवळ आणि शोभेचे परदेशी पाम लावले जातात. पाहुण्यांना मोकळं आवडतं, हे मला समजतं. तरी हिरवळीला मे महिन्यात रोज जे पाणी लागतं, त्यात एक छोटी वाडी जगेल. अंगणाला फुलझाडंच हवीत तर बकुळ, उंडी, जास्वंद, तगर ही खाऱ्या हवेतही टिकतात, आणि बकुळीचा सडा पहाटे अंगणात पडलेला कुठल्याही पाहुण्याला आवडेल.

पोफळी आता माणसाहून उंच झाल्या आहेत. सुपारी धरायला आणखी दोन-तीन वर्षं लागतील. त्यांच्या भोवतीच्या केळी आम्ही एकदम न काढता दरवर्षी थोड्या थोड्या कमी करतो आहोत, आधी पूर्वेच्या, पश्चिमेच्या सगळ्यांत शेवटी, कारण वर माडांच्या झावळ्या अजून पुरत्या जुळलेल्या नाहीत. मिरीचे वेल पोफळीवर इतक्यात चढवायचे नाहीत, कोवळ्या खोडाला ते जड होतात. मिरीच्या पन्नियूर-1 जातीला उजेड लागतो, म्हणून ती कुंपणाच्या पांगाऱ्यांवर सोडली आहे. करीमुंडा या दुसऱ्या जातीला सावली चालते, तिचे मुळावलेले वेल पिशव्यांत तयार आहेत. मृगाचा पाऊस स्थिरावला की ते जुन्या माडांच्या उत्तरेकडच्या अंगाला लावायचे आहेत.